विश्लेषण : सानियाच्या ७१ वर्षे आधी विम्बल्डनचा सामना जिंकणाऱ्या लीला राव कोण होत्या?

पावसाळा सुरू झाला की महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरघळीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. धबधब्याचे फोटो निघतात, घळीतल्या समर्थांच्या आणि कल्याणांच्या मूर्तींपुढे हात जोडले जातात. दासबोध इथेच सांगितला गेला आणि कल्याणांनी तो लिहून घेतला, ही परंपरा इथे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. याच समर्थांचे चरित्र विसाव्या शतकात संस्कृत श्लोकांमध्ये लिहिणारी एक मराठी लेखिका होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ती लेखिका टेनिसही खेळत असे आणि तिची मुलगी विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू ठरली, हे तर त्याहून कमी लोकांना. आईचे नाव पंडिता क्षमा राव, मुलीचे लीला राव. समर्थांमुळे आईचे नाव आज इथे निघाले, पण विषय मुख्यतः मुलीचा आहे.

विम्बल्डनची स्पर्धा आली की भारतीय महिला टेनिसचा इतिहास सानिया मिर्झापासून सांगायला सुरुवात होते. सानियाचे यश मोठेच आहे. परंतु २००५ साली तिने विम्बल्डनच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला, तेव्हा तसाच एक विजय ७१ वर्षांपूर्वी नोंदला गेलेला होता. तो नोंदवणारी खेळाडू मुंबईची होती आणि तिचे आजोळ कोकणातले.

लीला राव यांची पार्श्वभूमी काय?

लीला यांचा जन्म १९११ सालचा. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतले नामांकित डॉक्टर. लंडनची पदवी घेतलेले आणि कुष्ठरोगासारख्या आजारांवर संशोधन करणारे. आई क्षमा या शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. हे पंडित घराणे मूळचे बांबुळीचे. महाडवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे कुडाळकडे उतरतो, त्या परिसरातले हे गाव. जवाहरलाल नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी यांचे पती आणि राजतरंगिणीचे इंग्रजी अनुवादक रणजित सीताराम पंडित हेही याच घराण्यातले.

शंकर पांडुरंग पंडित यांचे नाव तुकारामांच्या वाचकांना परिचित असायला हवे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि त्यांनी संपादित केलेली तुकारामांची गाथा १८६९ मध्ये सरकारी खर्चाने छापली गेली आणि पुढच्या अनेक आवृत्त्यांचा तो पाया ठरला. कालिदासाची नाटके, गौडवहो हे प्राकृत काव्य, सायणभाष्यासह अथर्ववेद असे त्यांचे संपादनकार्य अफाट आहे. १८७६ पासून काही वर्षे त्यांनी वेदार्थयत्न नावाचे मासिक चालवून ऋग्वेदाचा अर्थ मराठी आणि इंग्रजीतून देण्याचा प्रयत्न केला. मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार आणि नंतर पोरबंदर संस्थानचे प्रशासक अशी त्यांची नोकरी. पोरबंदरला असताना स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे मुक्कामाला होते.

एवढ्या मोठ्या पंडिताची मुलगी म्हणून क्षमा यांचे बालपण सुखात गेले असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. त्यांचा जन्म ४ जुलै १८९० रोजी पुण्यात झाला आणि १८९४ मध्ये वडील गेले. तेव्हा मुलगी चार वर्षांचीही नव्हती. पुढची वर्षे नातेवाइकांच्या आधाराने, ओढगस्तीत गेली. वडिलांची संस्कृत पुस्तके होती, शिकवायला वडील नव्हते. तरीही त्यांनी संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत चमक दाखवली, मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्या शिकल्या आणि १९१०च्या सुमारास त्यांचे डॉ. राव यांच्याशी लग्न झाले. इथून त्यांचे आयुष्य पालटले. सुस्थितीतले घर, युरोपचा प्रवास, पतीचे प्रोत्साहन आणि टेनिस. त्या स्वतः चांगल्या दर्जाच्या टेनिसपटू होत्या आणि महिलांच्या स्पर्धांतून खेळत. लीला यांच्या हाती रॅकेट आली ती अशा घरात.

त्या काळात मुलींना टेनिस खेळणे शक्य कसे झाले?

सरळ सांगायचे तर फार थोड्या मुलींना ते शक्य होते. आज आपण ज्याला लॉन टेनिस म्हणतो, त्या खेळाचे पेटंट इंग्लंडमध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये घेतले. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, महिलांना तिथे प्रवेश मिळाला तो १८८४ मध्ये. भारतात हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आला आणि छावण्या, जिमखाने, थंड हवेची ठिकाणे अशा चौकटीतच बरीच वर्षे राहिला. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना गोऱ्यांपुरता होता. पारशी, हिंदू आणि मुस्लीम जिमखाने त्यानंतर उभे राहिले. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना स्थापन झाली १९२० मध्ये.

टेनिस हा खर्चिक खेळ. रॅकेट लाकडी, तिला आतड्याच्या तारा, त्या दमट हवेत सैल पडणार. चेंडू परदेशी. मैदान राखायला माणसे हवीत. घरातल्या मुलीने चारचौघांत धावायचे, घाम गाळायचा, पुरुषांसमोर सर्व्हिस करायची, याला घरच्यांची हरकत नसावी ही तर पहिली अट. राव कुटुंबात पैसा होता आणि हरकत नव्हती, उलट आईच खेळत होती. त्यामुळे लीला यांची गोष्ट ही गरिबीतून वर आलेल्या खेळाडूची गोष्ट नाही. तशी ती रंगवूही नये. क्षमा यांनी मात्र दारिद्र्य पाहिले होते, आणि आपल्या मुलीला सगळे काही करता यावे हा त्यांचा आग्रह कुठून आला असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

लीला यांच्या आधी भारतातून विम्बल्डनला गेलेल्या महिला खेळाडूंमध्ये जेनी सँडिसन यांचे नाव येते. अँग्लो-इंडियन समाजातल्या या खेळाडूने १९२९ मध्ये विम्बल्डनमध्ये भाग घेतला आणि तिथे खेळणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद आहे. अँग्लो-इंडियन मुलींनी त्या काळात टेनिस, हॉकी आणि धावण्याच्या शर्यतींत जे काम करून ठेवले, त्याची आठवण आपल्याकडे क्वचितच काढली जाते. देशातल्या स्पर्धांत लीला यांना तोंड द्यायचे होते ते मुख्यतः सँडिसन यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन आणि युरोपीय खेळाडूंना. १९३१ मध्ये लीला यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. वय वर्षे एकोणीस.

आई संस्कृतात काय लिहीत होती?

लीला यांचा खेळ बहरत होता, त्याच सुमारास आईच्या लेखणीनेही वळण घेतले. क्षमा यांचे सुरुवातीचे लेखन इंग्रजी आणि मराठीत. पण मिठाच्या सत्याग्रहाने १९३० साली सगळा देश ढवळून निघाला आणि त्यांनी त्या लढ्यावर काव्य रचायला घेतले, तेही संस्कृतात. भगवद्गीतेच्या धर्तीवर १८ अध्यायांचे सत्याग्रहगीता हे ते काव्य. गांधीजींच्या आंदोलनाची बाजू उघडपणे घेणारे हे पुस्तक १९३२ मध्ये छापले गेले ते मुंबईत नव्हे, पॅरिसमध्ये.

इथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. १९३० हेच वर्ष शिवथरघळीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी झाडाझुडपांत हरवलेली ही घळ त्या वर्षी शोधून काढली. एकीकडे जुन्या ग्रंथाचे स्थान शोधले जात होते, दुसरीकडे जुन्या भाषेत चालू राजकारण लिहिले जात होते.

क्षमा यांचे संस्कृत पल्लेदार समासांचे नव्हे. साधे, अनुष्टुभासारख्या सुटसुटीत छंदातले, कथा सांगण्याच्या ओघाचे. कथापंचकम् या १९३३ च्या पुस्तकात त्यांनी स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांच्या कथा पद्यात मांडल्या. बालविवाह, वैधव्य, सासरचा जाच हे विषय संस्कृतात आणणे तेव्हा अगदीच वेगळे होते. पुढे वडिलांचे चरित्र शंकरजीवनाख्यानम्, मग मीराबाईंवरील काव्य, तुकारामांचे चरित्र, रामदासांचे चरित्र, ज्ञानेश्वरांचे चरित्र. सत्याग्रहगीतेचा पुढचा भाग स्वातंत्र्यानंतर आला. पंडिता आणि साहित्यचंद्रिका अशा पदव्या त्यांना मिळाल्या. वेदविद्येचे दरवाजे स्त्रियांना बंद, असे म्हणणाऱ्या परंपरेत एका स्त्रीला ही बिरुदे मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

मुलीच्या बाबतीत मात्र एक पेच होता. आई साम्राज्याविरुद्धच्या लढ्याचे महाकाव्य लिहीत होती आणि मुलगी त्याच साम्राज्याच्या राजधानीत, तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित हिरवळीवर खेळायला निघाली होती. दोघींना यात विसंगती वाटली असेल असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसत नाही. संस्कृत ही पुरुष पंडितांची मिरास आणि विम्बल्डन ही गोऱ्या क्लबवाल्यांची. मायलेकी आपापल्या परीने दोन्हीकडे शिरल्या, असेही त्याकडे पाहता येईल.

१९३४ मध्ये विम्बल्डनवर नेमके काय घडले?

त्या काळी मुंबईहून इंग्लंडला जायचे म्हणजे सुएझ कालव्यातून बोटीने, दोन आठवड्यांहून अधिक काळाचा प्रवास. या प्रवासात सराव होत नसे. उतरल्यावर गार हवा, ओलसर गवत आणि त्यावरून घसरत, खाली राहून येणारा चेंडू. गवतावर चेंडू उसळत नाही, त्यामुळे गुडघे वाकवून खेळावे लागते आणि विचार करायला वेळ मिळत नाही. चेंडू तेव्हा पांढरे असत. पिवळे चेंडू विम्बल्डनने स्वीकारले थेट १९८६ मध्ये.

महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत लीला यांच्यासमोर होत्या ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीला यांनी ४-६ असा गमावला. महिलांचे सामने तीन सेटचे, म्हणजे दुसरा सेट गेला की सामना संपला. हा दुसरा सेट त्यांनी १०-८ असा जिंकला. आजच्या वाचकाला हा आकडा विचित्र वाटेल, कारण आता ६-६ अशी बरोबरी झाली की टायब्रेक होतो. तेव्हा टायब्रेक नव्हता. तो विम्बल्डनमध्ये आला १९७१ साली. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालतच राहायचा. ६-६, ७-७, ८-८. एक सेट मागे असलेल्या खेळाडूसाठी यातली प्रत्येक गेम जीवघेणी. १८ गेमचा हा सेट हातात आल्यावर मात्र तिसऱ्या सेटमध्ये फारसे काही उरले नाही, तो लीला यांनी ६-२ असा घेतला. ४-६, १०-८, ६-२. एकूण ३६ गेम.

आकड्यांवरून सामना पूर्ण कळत नाही, पण एवढे नक्की दिसते की २२ वर्षांची ही खेळाडू पिछाडीवरून आली आणि जसजसा वेळ गेला तसतशी वरचढ ठरली. तिसऱ्या सेटमध्ये दमली ती साउथवेल. मुंबईच्या घामट हवेत वाढलेल्या खेळाडूकडे दम असणार, हा आमचा तर्क.

दुसऱ्या फेरीत गाठ पडली फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांच्याशी आणि तिथे लीला यांचा प्रवास संपला. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, त्या पुन्हा विम्बल्डनला खेळल्या. त्या वेळी पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांनी त्यांना हरवले. विम्बल्डनमधील एकेरीचा एक विजय आणि दोन पराभव, एवढाच हा हिशेब.

१९३४ चे ते विम्बल्डन इतर कारणांनीही गाजले. पुरुषांत फ्रेड पेरी आणि महिलांत डोरोथी राउंड असे दोन्ही विजेते ब्रिटिश होते. राउंड यांनी मिश्र दुहेरीही जिंकली आणि त्यांचे जोडीदार होते जपानचे र्‍युकी मिकी. म्हणजे त्या वर्षी विजेत्यांच्या यादीत आशियातले नाव होतेच. त्या गर्दीत पहिल्या फेरीतल्या एका भारतीय विजयाकडे कोण लक्ष देणार?

टेनिसवर त्यांचे पोट चालत होते का?

नाही. त्या काळात विम्बल्डन हौशी खेळाडूंसाठीच होते. बक्षिसाची रक्कम नव्हती. पैसे घेऊन खेळणाऱ्याला प्रवेश बंद. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांनी १९२६ मध्ये पैसे घेऊन प्रदर्शनीय सामने खेळायचे ठरवले, तेव्हा मोठ्या स्पर्धांचे दरवाजे त्यांना बंद झाले. तीन वेळा विम्बल्डन जिंकलेले फ्रेड पेरी १९३६ नंतर व्यावसायिक झाले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला तेच आले. हौशी खेळाडू म्हणजे उच्च आदर्श, असे तेव्हा सांगितले जाई. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होता की ज्याच्या घरी पैसा आहे त्याने खेळावे. मजूर पक्षाच्या खासदाराचा मुलगा असलेल्या पेरी यांनाही क्लबमधल्या बड्या लोकांनी मनापासून स्वीकारले नव्हते, मग इतरांचे काय!

ही व्यवस्था मोडली १९६८ मध्ये. त्या वर्षी विम्बल्डन सर्वांना खुले झाले आणि विजेत्यांना रोख बक्षीस मिळू लागले. पुरुष विजेत्याला २,००० पौंड, महिला विजेतीला ७५० पौंड. समान बक्षिसासाठी महिलांना २००७ पर्यंत थांबावे लागले.

युरोपात हौशी युगाची सर्वांत ठळक नायिका होती स्पेनची लिली दे अल्वारेझ. १९२६, १९२७ आणि १९२८ अशी सलग तीन वर्षे ती विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि तिन्ही वेळा हरली. १९३१ मध्ये ती दुभागलेला, विजारीसारखा स्कर्ट घालून विम्बल्डनच्या मैदानावर उतरली आणि एकच गहजब झाला. टेनिसखेरीज बर्फावरचे खेळ, मोटार शर्यती, लेखन असे तिचे अनेक नाद होते. पण स्पेनच्या महिला खेळाडूला विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळायला १९९४ साल उजाडले. ते मिळवले कोंचिता मार्टिनेझने. एखादी प्रतिभावान खेळाडू पैसा आणि हौस यांच्या जोरावर वर पोहोचते, पण तिच्यामागे शाळा, प्रशिक्षक, सराव मैदाने यांची रांग नसेल तर पुढची खेळाडू यायला दोन पिढ्या जातात. स्पेनमध्ये हेच झाले, भारतात तर आणखीच. फरक इतका की स्पेनने लिलीला लक्षात ठेवले.

मग पुढे कारकीर्द का थांबली?

ती थांबली नाही, देशापुरती राहिली. १९३६ पासून १९४३ पर्यंतच्या काळात लीला यांनी अखिल भारतीय स्पर्धेची एकेरीची विजेतेपदे पुन्हा पुन्हा मिळवली. पहिले विजेतेपद १९३१ चे धरले तर तब्बल बारा वर्षांचा हा पल्ला आहे. लाकडी रॅकेट आणि रेल्वेच्या प्रवासाच्या त्या काळात एवढी वर्षे देशात अव्वल राहणे सोपे नव्हते. आमच्या मते विम्बल्डनच्या एका विजयापेक्षा त्यांच्या दर्जाचा खरा पुरावा हाच.

परंतु याच काळात दुसरे महायुद्ध आले. १९४० ते १९४५ या सहा वर्षांत विम्बल्डनची स्पर्धा झालीच नाही. १९३९ मध्ये घौस महंमद हे पुरुष एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यानंतर सगळेच ठप्प झाले. लीला तेव्हा २८ ते ३४ या वयात होत्या. युद्ध संपले तोवर त्यांची खेळण्याची वर्षे सरली होती.

भारतीय सनदी सेवेतील अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या लीला राव दयाळ झाल्या. दयाळ स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र सेवेत गेले. तिबेटमध्ये चीनचे सैन्य शिरले त्या अत्यंत नाजूक दिवसांत ते गंगटोक येथे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटशी भारताचा व्यवहार तिथून चाले. पुढे ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडील खुंबू भागात पदयात्रेवर असताना त्यांचे निधन झाले.

खेळानंतर त्यांनी काय केले?

इथे बहुतेक खेळाडूंची चरित्रे आटोपतात. लीला यांचे तसे नाही. शास्त्रीय नृत्याचा त्यांनी अभ्यास केला आणि नृत्त मंजरी हे पुस्तक लिहिले. ते स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रसिद्ध झाले. उच्चभ्रू घरातल्या मुलींनी नृत्य शिकावे की नाही यावर तेव्हा वाद चालू होता, हे लक्षात घेतले तर टेनिस काय किंवा नृत्य काय, त्यांनी निवडलेल्या दोन्ही गोष्टी शरीराने, लोकांसमोर करायच्या होत्या हे ध्यानात येते.

आणि मग आईची भाषा. २२ एप्रिल १९५४ रोजी क्षमा राव यांचे निधन झाले. समर्थ रामदासांचे संस्कृत चरित्र त्याआधी थोडाच काळ प्रकाशित झाले होते. काही पुस्तके मागे राहिली होती. सत्याग्रहावरील काव्यत्रयीचा शेवटचा भाग, स्वराज्यविजय, १९६२ मध्ये म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी वाचकांसमोर आला.

लीला यांनी आईच्या कथा घेऊन संस्कृत नाटके लिहिली. गिरिजायाः प्रतिज्ञा, बालविधवा ही त्यांतली नावे. ज्ञानेश्वर, तुकाराम, मीरा यांच्या चरित्रांनाही त्यांनी नाट्यरूप दिले. ही नाटके छोटी, प्रयोगाला सोयीची आहेत. शाळा-महाविद्यालयांत संस्कृत दिनाला काय सादर करायचे हा प्रश्न दरवर्षी पडतो, त्यांनी ही नाटके हुडकून पाहायला हरकत नाही. सगळीच नाटके आईच्या कथांवर नाहीत. जयन्तु कुमाउनीयाः हे सीमेवर लढणाऱ्या कुमाऊंच्या जवानांवरचे नाटक त्यांचे स्वतःचे. डोंगर चढण्यावरही त्यांनी संस्कृतात नाटक लिहिले. हिमालयाच्या कुशीत इतकी वर्षे राहिलेल्या लेखिकेला तो विषय सुचला यात नवल नाही. पण कालिदासाच्या भाषेत गिर्यारोहणाचे नाटक ही कल्पनाच वाचकाला थांबवते.

त्यांची आठवण का राहिली नाही?

एक कारण वर आलेच. हौशी युगातले आकडे पुढच्या व्यावसायिक युगाच्या क्रमवारीत मोजले जात नाहीत. महिलांची संगणकीय क्रमवारी १९७५ मध्ये सुरू झाली, त्याआधीचे सगळे जणू प्रागैतिहासिक. दुसरे, मधले अंतर फार मोठे पडले. १९५२ मध्ये रीटा दावर विम्बल्डनच्या मुलींच्या गटात अंतिम फेरीपर्यंत गेल्या. निरुपमा मांकड १९७० च्या दशकात तिथे खेळल्या. निरुपमा वैद्यनाथन यांनी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकला. तरी विम्बल्डनच्या महिला एकेरीत भारतासाठी खेळणाऱ्या खेळाडूचा विजय पुन्हा दिसला तो २००५ मध्ये, सानिया मिर्झाने जपानच्या अकिको मोरिगामीला ६-३, ३-६, ८-६ असे हरवले तेव्हा. तिसरा सेट तेव्हाही टायब्रेकशिवाय होता. सानियाही दुसऱ्या फेरीत बाद झाली, समोर स्वेतलाना कुझनेत्सोवा होती.

तिसरे कारण आपल्या सवयीचे आहे. क्रीडा इतिहास लिहिणारे संस्कृत वाचत नाहीत आणि संस्कृत साहित्याचा इतिहास लिहिणारे विम्बल्डनचे निकाल पाहत नाहीत. त्यामुळे एका ठिकाणी लीला राव ही फक्त एक स्कोअरची ओळ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी लीला राव दयाळ या फक्त एक नाटककार. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कित्येक अभ्यासकांच्याही लक्षात येत नाही. लग्नानंतर नाव बदलण्याची रीतही याला जबाबदार आहे. नृत्यावरचे पुस्तक एका नावाच्या शोधात येते, टेनिसचा निकाल दुसऱ्या.

ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी सोय मोबाइलवरच आहे. विम्बल्डनच्या अधिकृत संकेतस्थळावर जुन्या स्पर्धांच्या सोडती वर्षवार ठेवलेल्या आहेत. १९३४ साल निवडून महिला एकेरीची पहिली फेरी उघडावी. शोधताना राव हे आडनाव आपल्या नेहमीच्या सवयीने आर-ए-ओ असे टाकले तर मात्र काही सापडणार नाही. आई आणि मुलगी दोघीही इंग्रजीत ते आर-ओ-डब्ल्यू असे लिहीत.